पडद्यामागे वाजवायचं कोणतं?

गुस्ताव माहलरची तिसरी सिंफनी १८९६ मध्ये पूर्ण झाली. तिच्या तिसऱ्या भागात स्टेजवरचा ऑर्केस्ट्रा मवाळ होतो आणि स्टेजबाहेरून, लांबून एकच वाद्य गाऊ लागतं. स्वरलिपीत नाव आहे पोस्टहॉर्न, म्हणजे टपालाच्या घोडागाडीवरचं शिंग. मग वाजवा ना तेच!

गोची इथेच आहे. साध्या पोस्टहॉर्नला व्हॉल्व्ह नसतात, त्यामुळे मोजकेच सूर निघतात. माहलरची धून त्यात मावत नाही. उरतात तीन पर्याय : व्हॉल्व्हवालं पोस्टहॉर्न, ट्रम्पेट किंवा फ्लुगलहॉर्न. ट्रम्पेट वादकाच्या रोजच्या सवयीचं, वरचे सूर खात्रीने लागतात. पण त्याची नळी बरीचशी एकाच जाडीची, म्हणून आवाज धारदार. फ्लुगलहॉर्नची नळी रुंदावत जाते, म्हणून आवाज मऊ, गोलसर.

माझं मत फ्लुगलहॉर्नला. बीथोव्हनच्या ‘लिओनोर’ क्रमांक ३ मध्येही पडद्यामागून ट्रम्पेट वाजतं, पण ती मंत्री आल्याची वर्दी आहे. तिथे धार हवीच. माहलरकडे मात्र कुणी येत नाहीये, फक्त आठवण येतेय. तिला धार कशाला?

‘लिहिलंय एक, वाजवता दुसरंच’ असं कुणी म्हणेल. म्हणू दे. शेवटचा निर्णय तालमीत, शेवटच्या रांगेत बसलेल्या कानांनी घ्यावा. वादक दिसत नाही म्हणून काहीही चालेल, असं नसतं बॉस. दिसत नाही, म्हणून तर फक्त आवाज उरतो.