आधी दाखल रजिस्टर

मुंबई-गोवा महामार्गावर तळेऱ्याला एक रस्ता पश्चिमेकडे विजयदुर्गाला जातो, दुसरा वैभववाडीवरून गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूर गाठतो. खारेपाटण, कासार्डे, वैभववाडी, बाळशास्त्री जांभेकरांचे पोंभुर्ले या टापूतल्या ग्रंथालयांची समाईक तालिका करायची, तर मध्यवर्ती ठिकाण हेच. कोणते पुस्तक कोणत्या गावच्या कपाटात आहे हे सभासदाला मोबाइलवर दिसावे आणि मागितल्यावर ते एसटीने इकडून तिकडे जावे, एवढीच अपेक्षा.

आपल्या अधिवेशनांत मात्र चर्चा सुरू होते ती आरएफआयडीपासून, आणि हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेपासून. १९६७ च्या कायद्याखाली मान्यता मिळालेले 'ड' वर्गाचे ग्रंथालय म्हणजे एखादी खोली, काही कपाटे आणि ग्रंथपाल ते शिपाई सगळे एकच माणूस. तिथल्या दाराशी आरएफआयडीची चौकट उभारून कोणाला पकडायचे आहे? बारकोड पुरतो, आणि त्याचीही घाई नाही. आधी दाखल रजिस्टर संगणकावर नीट चढवा.

'नीट' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. अनेकांनी वीस वर्षांपूर्वीच नोंदी केल्या, पण जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. संगणक बदलला की त्या यादीचा चिवडा होतो. युनिकोडमध्येही खाचखळगे आहेत. 'तळेऱ्या'तला 'ऱ्या' दोन रीतींनी टंकता येतो आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला मात्र ती वेगळी अक्षरे वाटतात आणि शोध रिकामा परततो. 'ॲ'चेही तसेच. लेखकांच्या नावांची तर बातच सोडा: 'पु. ल. देशपांडे', 'देशपांडे पु. ल.' आणि 'देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण' हे तालिकेत तीन गृहस्थ होऊन बसतात. यावर महागडा उपाय नाही. नाव कसे लिहायचे ते एकदा ठरवायचे आणि सर्वांनी ते पाळायचे.

सॉफ्टवेअर फुकट आहे. एनआयसीचे ई-ग्रंथालय आहे, कोहा आहे. कोहाची जन्मकथा आपल्या कार्यकारिणीच्या बैठकीत वाचून दाखवावी अशी आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातल्या ग्रंथालयाची जुनी प्रणाली सन २००० उजाडताच बंद पडणार होती. त्यांनी स्वतःची प्रणाली करवून घेतली. गावोगावच्या शाखा साध्या टेलिफोन लाइनवर चालाव्यात हीही त्यांची गरज होती. जानेवारी २००० मध्ये ती सुरू झाली आणि त्यांनी ती जगाला खुली करून दिली. म्हणजे आज मोठमोठी विद्यापीठे वापरतात ती प्रणाली मुळात आपल्यासारख्यांच्याच अडचणीतून निघाली.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता. जुन्या मराठी पुस्तकांची स्कॅन केलेली पाने शोधता येण्याजोग्या मजकुरात बदलायला ती उपयोगी आहे, जोडाक्षरे तपासायला माणूस बसवला तर. पण मे २०२५ मध्ये 'शिकागो सन-टाइम्स'ने वाचकांना उन्हाळ्यासाठी १५ पुस्तके सुचवली, त्यांतली १० अस्तित्वातच नव्हती. लेखक खरे, पुस्तके यंत्राने रचलेली. असा कागद हातात घेऊन वाचक उद्या आपल्याही टेबलाशी येईल. 'हे पुस्तक आहे, हे नाही' असे ठामपणे सांगायला भरवशाची तालिका लागते. सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ चे, रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ चे. अशा जुन्या संस्थांतली जी पुस्तके अजून रजिस्टरातच आहेत, ती यंत्राच्या दृष्टीने नाहीतच. ती तिथे आहेत हे ठाऊक असते फक्त ग्रंथपालाला, आणि तो निवृत्त झाला की तेही संपते.

खर्चाचा प्रश्न उरतोच. सॉफ्टवेअरला पैसे लागत नाहीत, पण नोंदी करणाऱ्या हातांना लागतात, आणि तुटपुंज्या वेतनावरच्या ग्रंथपालाने हे काम फावल्या वेळात उरकावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. भिंतीवरचा मोठा टीव्ही यंदा राहू द्या. त्या पैशांत मे महिन्याच्या सुटीत गावातली टंकलेखन येणारी दोन मुले मानधनावर ठेवा. त्याआधी, रजिस्टराला पावसाची बुरशी धरण्यापूर्वी, प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा आणि त्याची एक प्रत शेजारच्या गावच्या ग्रंथालयात ठेवा. लेखकनावांचा नमुना आम्ही पुढच्या अंकात छापू. त्यावर भांडायचे असेल तर जरूर भांडा, मात्र नोंदी सुरू होण्याआधी.