आधी कान, मग पेटी

दिवाळीच्या खरेदीत पूर्वी कापडाचा आणि भांड्यांचा मान पहिला असे. आता त्या रांगेत एक नवी वस्तू येऊन उभी राहिली आहे. काड्यापेटीपासून शब्दकोशापर्यंत कोणत्याही आकारात मिळणारी ही पेटी संगणकाला जोडावयाची, तिला हेडफोन लावावयाचा, आणि मग म्हणे गाणे इतके स्वच्छ ऐकू येते की तंबोऱ्याच्या तारा मोजून घ्याव्यात! तंबोऱ्याला तारा बहुधा चारच असतात आणि त्या मोजायला पेटी लागत नाही, ही गोष्ट सोडा.

या पेटीची कामे दोन. मोबाइलात किंवा संगणकात गाणे असते ते आकड्यांच्या रूपात. १९८२ साली बाजारात आलेली सीडीच पाहा. तिच्यावर दोन्ही कानांसाठी वेगवेगळे, सेकंदाला ४४,१०० वेळा, आवाजाचे माप लिहिलेले असते. या आकड्यांची पुन्हा विजेची लहर करतो तो कन्व्हर्टर, म्हणजे बाजारभाषेतला ‘डॅक’. ती लहर हेडफोन हलविण्याइतकी जोरकस करतो तो अँप्लिफायर. मराठीच्या मास्तराला विचाराल तर पहिला भाषांतरकार आणि दुसरा वक्ता. भाषांतर कितीही सरस उतरले तरी मूळ लेखक सुधारत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

आणि हे दोघे आपल्या घरी आधीच कामाला असतात! तारेचा हेडफोन चालणाऱ्या मोबाइलात, नाही तर त्याच्या बोटभर अडॅप्टरात, ते बसलेले असतात. बिनतारी हेडफोनात तर ते हेडफोनच्याच पोटात असतात. त्यासाठी बाहेरची पेटी आणणे म्हणजे जेवणे उरकल्यावर आचारी बोलावणे होय.

मग पेटी घ्यावी कुणी? ज्याचा हेडफोन, आवाज पूर्ण वाढवूनही, पुटपुटतो त्याने अँप्लिफायर घ्यावा. साधे हेडफोन १६ ते ३२ ओहमचे असतात. स्टुडिओतले काही २५०, ३००, अगदी ६०० ओहमचेही असतात. त्यांना दाब जास्त लागतो आणि तो मोबाइलला पुष्कळदा पेलत नाही. मात्र ओहम जास्त म्हणून हेडफोन उत्तम, असे मुळीच नाही. त्याच्याबरोबर संवेदनशीलतेचा आकडाही पाहावा. आणखी एक हिशेब आहे. अँप्लिफायरचा स्वतःचा ओहम हेडफोनच्या एक अष्टमांशाहून अधिक नसावा. ३२ ओहमच्या हेडफोनला ४ किंवा त्याहून कमी.

ज्याच्या संगणकातून, गाणे थांबविले तरी, गुणगुण किंवा खरखर ऐकू येते त्याने बाहेरचा कन्व्हर्टर घ्यावा. ही खरखर बहुधा संगणकाच्या आतल्या विजेची असते. दोन्हींपैकी एकही तक्रार नसेल तर पैसे हेडफोनसाठी राखावेत. आवाजात फरक पडतो तो अधिक तिथे.

माझ्या पुतण्याला यंदा पहिला पगार मिळाला. “काका, अण्णांचा आवाज स्वच्छ ऐकू यायला कोणता डॅक घेऊ?” असे त्याने विचारले. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी कॅसेटवर सांगितलेल्या गावाकडच्या गोष्टी कधी काळी एका दुकानातून संगणकात भरून आणल्या होत्या. आम्ही आधी नुसता हेडफोन लावला. काही आवाज नाही. एक उत्तम ध्वनिमुद्रण लावले, लख्ख. अण्णांना लावले, आणि सरसर आणि घोगरेपणा! दोष पेटीचा नव्हता, मूळ प्रतीचा होता. सुदैवाने कॅसेट कपाटात होती. चांगला कॅसेट प्लेअर बाळगणाऱ्या एका जाणत्या गृहस्थांनी त्याचे हेड पुसले, फितीशी त्याचा कोन जुळविला आणि नव्याने मुद्रण केले. कोन चुकला की उंच स्वर आधी बुडतात, आणि त्यांच्याबरोबर व्यंजनांची धारही जाते. आता ‘चंद्र’मधला च आणि ‘चांदणे’मधला च वेगळे ऐकू येतात. फितीची सरसर आहेच. पण आईने ते ऐकले आणि “हे असेच बोलत,” एवढेच म्हणाली. पुतण्याचा पगार शाबूत राहिला.

तरीही घ्यावयाचीच असेल तर दुकानात एक सावधगिरी बाळगा. दोन पेट्यांपैकी किंचित मोठ्याने वाजणारी आपल्याला सरस वाटते. कानाचा हा धर्मच आहे. म्हणून दोहोंचा आवाज मापून सारखा करावा, पेटी दुसऱ्याला बदलायला सांगावी, आणि आपण पाहू नये. फरक कळला नाही तर स्वस्त पेटी निवडायला लाजू नये.

आणि घरातल्या मुलांसाठी एक शेवटचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढ माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. त्यात ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. जोरदार अँप्लिफायर ही मर्यादा सहज ओलांडतो, आणि स्वच्छ आवाज मोठा झालेला चटकन कळतही नाही. बटण शून्यावरून हळूहळू वर न्यावे आणि गाणे नीट ऐकू आले की तिथेच थांबावे. पेटी बिघडली तर दुकानदार बदलून देईल. कानाचे तसे नाही.