बिनतारी संच आला, पण तो अंगावर कुठे बसणार?

नवी दिल्ली : राज्यांच्या अग्निशमन सेवांचा विस्तार व आधुनिकीकरण यांसाठी केंद्रीय गृह मंत्रालयाने जुलै २०२३ मध्ये ५ हजार कोटी रुपयांची योजना सुरू केली. अशा खरेदीत चर्चा होते ती वाहने, शिड्या आणि बिनतारी संचांची. संच अंगावर धरून ठेवणारा पट्टा व कव्हर किरकोळ साहित्यात जमा होतात. धुरात अडकलेल्या जवानाची हाक बाहेर पोहोचणे मात्र या किरकोळ साहित्यावरही अवलंबून असते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत १६० अंश सेल्सिअस तापमानात उघडे ठेवलेले संच १५ मिनिटांच्या आत नीट चालेनासे झाले. संरक्षक कोटाच्या खिशातील संचांनी अधिक तग धरला. पण खिसा हा पुरता उपाय नव्हे. जवान रांगू लागला की संच खिशातून निसटतो, अँटेना दबते आणि बटण हाताला लागत नाही. कोटावरून घेतलेला पट्टा झुलतो. कोसळलेल्या छताच्या लोंबत्या वायरींत तो अडकला, तर सुटका कठीण.

म्हणून पट्टा कोटाच्या आतून, खांद्यावरून तिरका घेण्याची पद्धत अधिक सुरक्षित ठरते. संच कोटाच्या कडेखाली कमरेशी राहतो. शरीर रेडिओलहरी शोषून घेत असल्याने अँटेना अंगापासून किंचित दूर झुकलेली हवी. माइकची वायर आतूनच वर नेऊन माइक कॉलरपाशी काढायचा. वायर हा सर्वांत नाजूक दुवा. तिचे आवरण वितळून आतल्या तारा जुळल्या, तर माइक आपोआप चालू राहतो आणि सर्वांचीच वाहिनी अडते.

बाहेर उभे राहून सूत्रे हलवणाऱ्या अधिकाऱ्याची गरज वेगळी. त्याने संच कोटावर ठेवला तरी बिघडत नाही.

पट्टा कोटाआधी चढवावा लागतो आणि त्याची लांबी प्रत्येकाच्या उंचीनुसार बदलते. संच पाळीनुसार हातोहाती जात असेल, तर दर पाळीला बकल नव्याने लावणे आले. जाड हातमोजे घालून, गुडघ्यांवर रांगत, न पाहता आणीबाणीचे बटण दाबता येते का, ही तपासणी ठाण्यातच दोन मिनिटांत होऊ शकते. अमेरिकेत धोक्याच्या क्षेत्रातील संच व माइक यांच्यासाठी ‘एनएफपीए १८०२’ या स्वतंत्र मानकाची २०२१ ची आवृत्ती निघाली होती. आपल्याकडील निविदांतही संचाबरोबर पट्टा, कव्हर आणि माइकची वायर यांच्या उष्णतारोधक क्षमतेची अट घालता येईल.