रक्तदान माहितीये, दुग्धदान?
कॉलेजात रक्तदान शिबिर असलं की आपण रांगेत उभे राहतो. पण दुग्धदानाचं काय? १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईच्या सायन हॉस्पिटलात आशियातली पहिली मानवी दूधपेढी सुरू केली. तिथे दात्या आईची रक्ततपासणी होते; दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवून गोठवतात. वेळेआधी जन्मलेल्या बाळाला आईचं दूध पुरत नसेल, तर पावडरीपेक्षा हे दूध बरं. आतड्याच्या जीवघेण्या आजाराचा धोका त्यानं कमी होतो. आपण काही लगेच दाते होणार नाही, खरंय. पण घरात ताई-वहिनी बाळंत झाली आणि तिच्या बाळाचं पोट भरून दूध उरत असेल, तर विषय काढायला लाजू नका. मोरीत जाणारं तेच दूध कुणाच्या तरी बाळाला हवंय.