वीरा साथीदार : पडद्यावरचा आरोपी, रस्त्यावरचा कार्यकर्ता

लोणी काळभोरला सिनेमाचे नवल नाही. मुळा-मुठेच्या काठावरची राज कपूर यांची राजबाग इथलीच. १९७८ सालच्या ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’चे चित्रीकरण तिथे झाले. आज तिथे शिक्षणसंस्थेच्या इमारती उभ्या आहेत. पण जुनी माणसे अजूनही पारावर बसून कोणता नट पाहिला, कोणत्या नटीची गाडी कुठल्या रस्त्याने गेली, ते रंगवून सांगतात. या गप्पांत एका नटाचे नाव कधीच निघत नाही. खरे तर या गावाला त्याच्याशी नाते सांगण्याचे मोठे आणि दुःखद कारण आहे. तो नट म्हणजे नागपूरचे वीरा साथीदार.

वीरा साथीदार हे पोटासाठी नट झालेले नव्हते. नागपुरात कष्टकऱ्यांच्या घरात ते वाढले, आंबेडकरी चळवळीत घडले. गाणे, कविता, पथनाट्य, मोर्चा आणि ‘विद्रोही’ मासिकाचे संपादन हेच त्यांचे आयुष्य. चैतन्य ताम्हाणे या तरुण दिग्दर्शकाला आपल्या ‘कोर्ट’ चित्रपटासाठी सराईत नटांऐवजी त्या जगण्यातली माणसे हवी होती. म्हणून लोकशाहीर नारायण कांबळेची भूमिका साथीदारांकडे आली. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात चित्रपटाचा गौरव झाला, पाठोपाठ सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १७ एप्रिल २०१५ रोजी तो प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवला गेला. ज्या चित्रपटसृष्टीने आमच्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या केवळ गरीब, लाचार किंवा विनोदी नोकर म्हणून दाखवले, तिला चळवळीतला एक साधा कार्यकर्ता घेऊन जगापुढे जावे लागले, ही घटना लहान नाही.

आता या चित्रपटातला खटला पाहा. मुंबईत गटार साफ करणारा एक कामगार गटारातच मरतो. पोलीस म्हणतात, कांबळेने वस्तीत गाणे म्हटले, ते ऐकून कामगाराने आत्महत्या केली. शाहीर आरोपी होतो, भारतीय दंड विधानाचे कलम ३०६ लागते. पुढे त्या कामगाराची विधवा साक्षीला उभी राहते. नवऱ्याजवळ सुरक्षेचे कोणतेही साधन नव्हते, हे ती सांगते. गटारात खडा टाकायचा, झुरळ बाहेर आले तर आत हवा आहे असे समजायचे आणि उतरायचे. हीच त्याची सुरक्षा! आत्महत्येची भाषा त्याने कधी केली नव्हती. म्हणजे खून कोणी केला असेल तर तो व्यवस्थेने केला. पण पिंजऱ्यात उभा राहिला तो शाहीर.

आम्ही वीस वर्षांहून अधिक काळ कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो आहोत. वाचकांना आम्ही खात्रीने सांगतो, या चित्रपटातले कोर्ट खोटे नाही. तिथे कोणी टेबलावर मुठी आपटत नाही. तारीख पडते, साक्षीदार येत नाही, पुन्हा तारीख पडते. जामिनावर सुटलेल्या कांबळेला पुन्हा उचलतात, या वेळी बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याखाली. सुट्टी लागते, कोर्टातले दिवे मालवतात, माणूस मात्र आतच राहतो. या कायद्याचे कलम ४३-ड (५) असे आहे, की आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले तरी न्यायाधीशाने जामीन नाकारायचा. निकाल पुढे काय लागायचा तो लागो, शिक्षा आधीच सुरू होते. पडद्यावरची ही गोष्ट पुण्यात प्रत्यक्ष घडलेली आम्ही पाहिली. सप्टेंबर २०२० मध्ये कबीर कला मंचाच्या कलावंतांना अटक झाली आणि खटल्याचा निकाल लागण्याआधीच त्यांची वर्षे तुरुंगात गेली. डफाची भीती कोणाला वाटते, हे यावरून ओळखावे.

आणि आता आमच्या लोणीकडे वळू. २ मार्च २०२२ रोजी कदमवाकवस्तीत एका निवासी इमारतीच्या मैल्याच्या टाकीत उतरलेले चार कामगार गुदमरून मेले. ‘कोर्ट’ येऊन तोवर सात वर्षे होत होती. चित्रपटातला खडा आणि झुरळ जगाने पाहिले होते, टाळ्या वाजवल्या होते. तरीही राजबागेच्या गावात माणसे त्याच विषारी वायूने मेली.

कायदा नाही असे नाही. २०१३ च्या कायद्याचे कलम ७ सांगते, गटारात किंवा मैल्याच्या टाकीत धोकादायक सफाईसाठी कोणीही कोणाला उतरवायचे नाही. कलम ९ प्रमाणे पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गटारातील मृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली, ती २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने तीस लाख झाली. पण कागदावरचा कायदा पोलीस ठाण्याच्या पायरीशी येऊन थांबतो. तिथे ‘अपघात’ एवढा एक शब्द लिहिला, की मालक, ठेकेदार सारे सुटतात. गाण्याला मृत्यूचे कारण ठरवण्यासाठी यंत्रणा जेवढी बुद्धी चालवते, त्याच्या दहावा हिस्सा जरी ती टाकीचे झाकण उघडायला लावणाऱ्याचा शोध घेण्यात चालवील, तर कितीतरी घरे उघडी पडणार नाहीत.

काही मित्र आम्हाला विचारतात, सिनेमाने काय होते? प्रश्न रास्त आहे. सिनेमाने झाकणे बंद झाली नाहीत, हे आम्ही वरच मान्य केले. पण भीमराव कर्डकांच्या जलशापासून वामनदादांच्या गाण्यापर्यंत आमची चळवळ कलेच्याच बळावर गावकुसाबाहेर पोहोचली, हे विसरून चालणार नाही. कलावंत प्रश्न उभा करतो. तो धसास लावण्याचे काम त्याचे एकट्याचे नाही, ते आमचे आहे. साथीदारांनी दोन्ही कामे केली. पुरस्कारांनंतरही ते मुंबईत नट म्हणून स्थिरावले नाहीत, नागपूरच्या कार्यकर्त्यांतच राहिले.

१३ एप्रिल २०२१ रोजी कोरोनाने त्यांचा बळी घेतला. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांची जयंती होती. म्हणून दरवर्षी जयंतीच्या आदल्या दिवशी त्यांची आठवण येणे स्वाभाविक आहे. मात्र ही आठवण फोटोला हार घालून भागणारी नाही. आमची सूचना साधी आहे. जयंतीच्या वर्गणीतून ध्वनिक्षेपकाच्या भिंती उभ्या करण्याआधी त्या संध्याकाळी विहारात ‘कोर्ट’ दाखवा. चित्रपट संपल्यावर उठून जाऊ नका. आपल्या भागातल्या सोसायट्यांच्या टाक्या कोण उपसते, यंत्राने की माणसाने, याची यादी तिथेच करा. ती ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला लेखी द्या, पोच घ्या. पुढे दुर्घटना घडलीच, तर ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे म्हणण्याची सोय कोणाला उरणार नाही. वकिलाची गरज पडली तर आम्ही आहोत.

नारायण कांबळेचा खटला पडद्यावर अर्धवट राहिला. लोणीच्या त्या चार कामगारांचा खटला अर्धवट राहू द्यायचा की नाही, हे आपल्या हातात आहे.

जयभीम!