रिकामी टाकी आणि मालकाचें कर्तव्य

जुनी मालमोटार चढावावर दम टाकूं लागली कीं आपण प्रथम कार्बुरेटरला अगर पंपाला दोष देतों. जाळी साफ करून घेतों, चार कोस गाडी बरी चालते आणि पुन्हां तीच रड सुरू होते. झाडाचें मूळ किडलेलें असतां पानांवर औषध मारण्यासारखेंच हें आहे. रोग बहुधा तेलाच्या टाकींत असतो. तेथपर्यंत जाण्याचा कंटाळा, हेंच त्याचें खरें खतपाणी.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची डॉज किंवा फार्गो असो, अगर १९५४ सालच्या करारानंतर जमशेदपुरास तयार होऊं लागलेली टाटा-मर्सिडीज असो, अशी गाडी ज्यांनीं वाडवडिलांची आठवण म्हणून जपली आहे, त्यांस हा अनुभव नवा नाहीं. गाडी वर्षांतील आठ महिने छपराखालीं उभी असते व टाकी अर्धी रिकामी असते. त्या रिकाम्या जागेंतील दमट हवेचें रात्रीं पाणी होतें. पाणी तेलाहून जड, म्हणून तें तळाशीं बसतें आणि तेथूनच पत्रा गंजूं लागतो.

टाकी दुरुस्त करावी, याविषयीं दुमत नाहीं. माझें म्हणणें निराळें आहे. हें काम मिस्त्रीच्या हवालीं करून मालकानें घरांत बसूं नये. याचें कारण मी स्वतःच्या चुकीवरून सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं मीं एक गळकी पेट्रोलची टाकी उतरविली, एक वेळ पाण्यानें खळबळली, दोन दिवस उन्हांत ठेविली आणि वेल्डिंगवाल्यास बोलाविलें. "टाकी रिकामी आहे ना?" असें त्यानें विचारलें. मीं "होय" म्हटलें. बत्ती लागतांच मोठा आवाज होऊन टाकीची शिवण फाटली व ती धरून बसलेल्या पोराचे दोन्ही हात भाजले. पोर बरें झालें, परंतु तो "होय" मला अद्याप बोचतो. टाकींत काय भरलें होतें व ती किती धुतली, हें मलाच ठाऊक होतें.

आपला समज असा कीं, पेट्रोल संपलें म्हणजे धोका संपला. खरा प्रकार उलट आहे. भरलेल्या टाकींत वाफ फार व हवा थोडी असते. रिकामींत दोहोंचें मिश्रण होतें. हवेंत शेंकडा सुमारें दीड ते साडेसात भाग पेट्रोलची वाफ असली कीं एक ठिणगी पुरते. ही वाफ हवेच्या तिपटीहून जड असल्यानें उघड्या तोंडांतूनही सहजीं निघून जात नाहीं. गंजाच्या पापुद्र्यांत व शिवणींत मुरलेलें तेल तर बत्तीच्या उष्णतेनें नव्यानें बाहेर येतें. डिझेलच्या टाकीसही हाच न्याय लागू आहे. थंडपणीं तें निरुपद्रवी दिसतें, पण पत्रा तापला कीं त्याचीही वाफ होते.

म्हणून कामाचा क्रम बदलूं नये. बॅटरीची तार सोडून, चुलीपासून दूर, उघड्यावर टाकी रिकामी करावी. गरम पाणी व साबणाचा चुरा यांनीं ती पुन्हां पुन्हां धुवावी. नंतर आंत बारीक सांखळी घालून टाकी हलवावी म्हणजे पापुद्रे सुटतात, व सांखळी पुन्हां सहज ओढून काढतां येते. उरलेल्या गंजासाठीं शंभर भाग पाण्यांत पांच भाग लिंबूसत्त्व घालून तें रात्रभर ठेवावें; मग सोड्याच्या पाण्यानें धुवून टाकी लागलीच वाळवावी, नाहीं तर ओला पत्रा तासाभरांत पुन्हां तांबूस होतो. संडास धुण्याचें तीव्र ॲसिड वापरूं नये. तें गंजाबरोबर पत्राही खातें. बऱ्याच जुन्या टाक्यांस आंतून शिसें-कथलाचा लेप असतो. म्हणून हें धुणवण विहिरीच्या अगर ओढ्याच्या बाजूस टाकणें पाप समजावें.

भोंकांचा विचार यानंतर करावा, कारण कित्येक भोंकें गंजानेंच बुजलेलीं असतात व साफसफाईनंतर तीं उघडीं पडतात. सुईएवढ्या छिद्रास दुसरीकडे तापविलेल्या खड्यानें कथलाचा डाख पुरतो. पत्राच चाळण झाला असेल तर नवी टाकी करवून घ्यावी. माणसाच्या हातांहून ती महाग नाहीं.

आणखी एक गोष्ट. शेंकडा वीस इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल २०२३ पासून विक्रीस आलें व २०२५ पर्यंत देशभर पसरलें. त्यांत आपल्या उंसाचा वांटा आहे, म्हणून त्यास नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु इथेनॉल पाणी ओढून घेतें, जुना गाळ सोडवितें व जुन्या रबरी नळ्या फुगवितें. अस्वच्छ टाकीचें पितळ यानें लवकर उघडें पडतें, इतकेंच. ज्यांची गाडी पेट्रोलची आहे, त्यांनीं नळ्या बदलाव्या, पावसाळ्यापूर्वीं टाकी भरून ठेवावी व तळाचें बूच वर्षांतून एकदां तरी उघडावें.

बैलाच्या खुराची जखम आपण स्वतः वांकून पाहतों, गड्यावर सोडीत नाहीं. यंत्राच्या बाबतींतही तीच रीत असावी. मिस्त्रीनें बत्ती पेटविण्यापूर्वीं "टाकी मीं स्वतः धुतली आहे" असें ज्यास छातीवर हात ठेवून सांगतां येत नाहीं, त्यानें ती बत्ती पेटूं देऊं नये.