जीर्णोद्धार म्हणजे पाडणं नव्हे



जूनमध्ये तीन आठवडे लेकीकडे रॉटरडॅमला राहून आले. तिकडे उन्हाळ्यात सूर्य रात्री दहाला मावळतो, त्यामुळे नऊ वाजता जेवलं तरी सूर्यास्ताच्या आतच! एवढ्या एका गोष्टीत माझी तिथे चैन झाली. बाकी प्रत्येक पाकीट उलटसुलट करून, जावयांकडून वाचून घेऊन मगच तोंडात घालायचं.

तिच्या घरापासून आगगाडीने वीसेक मिनिटांवर गौडा नावाचं गाव आहे. तिथले लोक त्याला 'खाउदा' म्हणतात. आपल्याला हे नाव चीजमुळे माहीत. हे चीज पूर्वापार वासराच्या पोटातलं रेनेट घालून करतात, म्हणून आपल्याकडे घेताना वनस्पतीजन्य रेनेटचं आहे का ते पाहूनच घ्या. पण लेक मला तिकडे चीजसाठी घेऊन गेली नव्हती. "आई, तुला एक चर्च दाखवायचंय," म्हणाली. मी जरा कचरले. आपण दुसऱ्यांच्या देवळात कशाला, असं मनात आलं. तरी गेले, आणि बरं झालं गेले.

सिंट यान्स चर्च त्याचं नाव. लांबी १२३ मीटर, नेदरलँड्समधलं सगळ्यात लांब चर्च. १५५२ मध्ये वीज पडून ते जळलं. मग पुन्हा उभं केलं आणि खिडक्यांना रंगीत काचचित्रं बसवायला घेतली. लहानमोठ्या मिळून ७० पेक्षा जास्त खिडक्या आहेत, त्यातल्या सगळ्यात मोठ्या जवळजवळ २० मीटर उंच. सुरुवातीची बरीचशी चित्रं डिर्क आणि वाउटर क्राबेट या दोन भावांनी केली. ऊन आलं की जमिनीवर निळे-तांबडे कवडसे पडतात. त्या फरशीतच जुन्या थडग्यांचे दगड बसवलेले आहेत. लोक बूट घालून त्यावरून चालतात. माझे पाय काही केल्या सरळ पडेनात, मी आपली कडेकडेने चालत होते.

तिथे एक वयस्कर बाई माहिती सांगत होत्या. लेक मला मराठीत समजावत गेली. त्यातली एक गोष्ट ऐकून मी तिथल्या खुर्चीवर बसलेच.

चित्रं बसवायला लागले तेव्हा हे चर्च कॅथलिक होतं. पुढे त्या देशात धर्मावरून मोठी उलथापालथ झाली. देवळात मूर्ती आणि चित्रं नकोत असं म्हणणारा पंथ वाढला. १५६६ मध्ये कित्येक गावांत जमावाने चर्चमध्ये घुसून मूर्ती फोडल्या. १५७३ मध्ये गौडाचं हे चर्चही त्या नव्या पंथाकडे, म्हणजे प्रोटेस्टंटांकडे आलं. वेदी गेल्या, मूर्ती गेल्या. पण या खिडक्या त्यांनी फोडल्या नाहीत. ज्यांना चित्रं मान्य नव्हती त्यांनीच चित्रं सांभाळली!

आणखी ऐका. एक खिडकी स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने १५५७ मध्ये दिलेली. त्यात तो स्वतः राणीसह गुडघे टेकून बसलेला दिसतो. दुसरी एक ऑरेंजचा राजपुत्र विल्यम याने दिलेली. हे दोघे पुढे कट्टर शत्रू झाले. १५६८ पासून डच लोक स्पेनशी लढले ते १६४८ पर्यंत, म्हणजे ऐंशी वर्षं. फिलिपने विल्यमच्या डोक्यावर इनाम लावलं आणि १५८४ मध्ये विल्यमचा खून झाला. तरी ज्या राजाशी लढले त्याची खिडकी आजही तिथेच आहे. पुढे इतर शहरांनी नव्या खिडक्या दिल्या. त्यातल्या डेल्फ्ट शहराने १६०३ मध्ये दिलेल्या खिडकीत, १५७४ मध्ये बांध फोडून, शेतांत पाणी सोडून, वेढ्यात अडकलेल्या लायडन शहराला नावांनी अन्न कसं पोचवलं ते दाखवलंय. नवं आलं ते जुन्याच्या शेजारी बसलं.

या खिडक्यांची मूळ कागदी रेखाटनं, खिडकीएवढ्या मापाची, त्यांनी जपून ठेवली आहेत. काच फुटली तर काय होतं ते त्यावरून कळतं. दुसऱ्या महायुद्धात सगळ्या काचा काढून सुरक्षित ठिकाणी ठेवल्या आणि नंतर परत बसवल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. तिकीटवाले पाहुणे नव्हते, गावातले लोक प्रार्थनेला आले होते. म्हाताऱ्या बायका, लेकरं घेतलेल्या आया. मोठा ऑर्गन वाजला, सगळे गायले. मला भाषा कळली नाही. मी मागे शांत बसले आणि मनातल्या मनात णमोकार मंत्र म्हटला. शेवटी कॉफी दिली, बिस्किट पुढे केलं. ते मी हसून नाकारलं, अंड्याची खात्री कुठे! रात्री सासूबाईंचा फोन. "त्यांच्या देवाला हात जोडलेस का गं?" मी म्हटलं, "नाही हो आई, पण त्यांनी देऊळ कसं राखलंय ते पाहून घेतलं."

हे सगळं तुम्हाला का सांगते? कारण येत्या रविवारी आमच्या गावच्या बस्तीत बैठक आहे. विषय जीर्णोद्धार. म्हणजे काळ्या दगडाची जुनी बस्ती पूर्ण उतरवायची आणि तिथे पांढऱ्या संगमरवराचं मोठं मंदिर बांधायचं. प्रत्येक घराकडून रक्कम ठरली आहे. आमच्या ह्यांनी आमची कबूलही केली आहे.

मी लग्न होऊन आले तेव्हा पहिलं दर्शन याच बस्तीत घेतलं. उंबऱ्याजवळच्या दगडावर जुनी अक्षरं आहेत, झिजलेली. खांबांवरची नक्षी तेलाने काळी पडली आहे. सासूबाई अजून त्याच खांबाला धरून खाली बसतात. मूलनायक पार्श्वनाथ भगवान आहेत, ते नव्या मंदिरातही राहतीलच. पण ते खांब? तो उंबरा? शेजारच्या एका गावात मी पाहिलंय. जुन्या मंदिराचे कोरीव दगड नव्या मंदिरामागे ढीग करून पडलेत आणि त्यावर लोक कपडे वाळत घालतात.

समितीची बाजूही खोटी नाही. पावसात गाभाऱ्यासमोर गळतं, बादल्या ठेवाव्या लागतात. दार इतकं बुटकं की म्हाताऱ्यांची डोकी आपटतात. महाराज आले की त्यांना उतरायला धड जागा नाही. पर्वात बायकांना उभं राहायला जागा पुरत नाही. हे सगळं मी रोज अनुभवते. पण गळतं म्हणून घर पाडतो का आपण? आधी पत्रा बघतो, कौल बदलतो, गवंड्याला बोलावतो. जीर्ण झालेल्याला उचलून धरणं म्हणजे जीर्णोद्धार. सगळं काढून टाकल्यावर उद्धार कुणाचा केला?

ज्यांना चित्रंच नको होती त्यांनी साडेचारशे वर्षं चित्रं सांभाळली. आपला तर पंथही बदललेला नाही. ज्यांनी हे दगड रचले ते आपल्याच णमोकारावर श्रद्धा ठेवणारे श्रावक होते. त्यांचं काम आपण का मोडावं?

म्हणून मी ठरवलंय, बैठकीला जायचं. आजवर बैठकीत बायका नसायच्या. आपण आत प्रसादाचं बघायचं आणि निर्णय बाहेर ओसरीवर व्हायचा. यावेळी मी ओसरीवर बसणार आणि तीन गोष्टी मागणार. एक, काहीही हलवायच्या आधी जुन्या दगडी बांधकामाचा जाणकार बोलावून गळती कशी थांबेल ते विचारा. दोन, प्रत्येक खांबाचं, उंबऱ्याचं, अक्षरांचं माप आणि फोटो घेऊन ठेवा, म्हणजे पुढे दुरुस्ती करणाऱ्याला कळेल मूळ कसं होतं. तीन, मोठी जागा हवी असेल तर सभागृह आणि महाराजांची खोली बाजूच्या मोकळ्या जागेत बांधा. आमच्या घरची रक्कम त्याला द्यायला मी आनंदाने तयार आहे. पाडायला मात्र नाही.

हे ऐकून हे दोन दिवस गप्प होते. काल रात्री म्हणाले, "मापं घ्यायची म्हणतेस ते बरोबर आहे." पाडण्याबद्दल अजून काही बोलले नाहीत. सासूबाईंनी मात्र ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला पण घेऊन चल बैठकीला. माझा खांब आहे तो."

मैत्रिणींनो, तुमच्या गावच्या बस्तीत असं काही चाललं असेल तर आधी जाऊन नीट बघून या. मुलांना सोबत न्या, त्यांना खांबाला हात लावू द्या. आणि बैठकीची तारीख विचारून घ्या. कुणी बोलावण्याची वाट पाहू नका. काय झालं ते मला जरूर कळवा, मीही कळवेन.

जय जिनेंद्र.